घोंगडीवाल्याचा अखेरचा अंक

घोंगडीवाला बंद करायचं ठरलं तेव्हा ते सगळ्यांत आधी मला कळलं. ज्यांना कळायला हवं होतं, त्यांच्याआधी तीन आठवडे. ते तीन आठवडे मी गप्प राहिले. पुढे आयुष्यात गप्प राहण्याचे आणि नको तिथे बोलण्याचे बरेच प्रसंग आले, पण एवढा कुठलाच टोचत नाही.

घोंगडीवाला म्हणजे नाशिकच्या एका छापखान्यातून दर महिन्याला निघणारं चित्रकथेचं पुस्तक. बत्तीस पानं, वर रंगीत कव्हर, आत काळी शाई आणि जोडीला एकच रंग, बहुधा विटकरी. त्यातला नायक दिवसा मोजणी खात्यातला साधा कर्मचारी. गावोगाव जाऊन शेतं मोजायची, साहेबाची बोलणी खायची. पण कुठे अन्याय दिसला की खांद्यावर काळी घोंगडी, नाकाखाली फडकं आणि हातात मोजणीची लोखंडी साखळी. त्या साखळीने तो बंदुका हिसकावायचा, जीप उलटवायचा, एकदा तर त्याने धरणाचं दार बंद केलं होतं. त्याचा चेहरा कोणी पाहिला नव्हता. वाचकांनीसुद्धा नाही. दिवसाच्या प्रसंगातही तो नेहमी पाठमोरा, नाहीतर टोपीच्या सावलीत.

चित्रं आणि गोष्ट दोन्ही एकाच माणसाची. त्यांना मी काका म्हणायची. आणि चित्रांतल्या माणसांच्या तोंडचे शब्द, म्हणजे त्या फुग्यांमधली अक्षरं, माझी.

हे काम मला फळ्यामुळे मिळालं. आम्ही नाशिकरोडच्या बाजूला एका कॉलनीत राहायचो. वडील नगरपालिकेच्या शाळेत मास्तर. अक्षर वाईट असणं हा त्यांच्या लेखी चोरीइतका गुन्हा होता. कॉलनीतल्या बुद्धविहाराबाहेर एक मोठा फळा होता. त्यावर रोज एक सुविचार आणि पौर्णिमेला कार्यक्रमाची माहिती लिहायचं काम मी सातवीत असल्यापासून करायची. बी.ए. झाले, नोकरी मिळेना, फळा मात्र चालू होता. एका पौर्णिमेला छापखान्याचे मालक कॉलनीत कोणाकडे तरी लग्नपत्रिकेचा नमुना दाखवायला आले आणि फळ्यापुढे थांबले.

"हे कोणी लिहिलंय?"

मी खडूचे हात मागे लपवून उभी होते. वडिलांनीच सांगितलं, "आमची मुलगी."

"असंच अक्षर, पण तांदळाएवढं लिहिता येईल का?"

पुढच्या सोमवारी मी छापखान्यात हजर झाले. रविवार कारंजापासून आत जाणाऱ्या एका बोळात तो होता. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका ही तिथली रोजची भाकरी. घोंगडीवाला हा मालकांचा शौक. त्यांनी लहानपणी रहस्यकथा पाण्यासारख्या वाचल्या होत्या आणि आपल्या छापखान्यातून असं काहीतरी निघावं ही त्यांची जुनी हौस होती. खिडकीजवळच्या टेबलावर त्यांनी मला बसवलं, टाक, काळी शाई आणि चुका झाकायला पांढऱ्या रंगाची बाटली दिली.

काका दर गुरुवारी देवळाली कॅम्पहून बसने यायचे. काखेत पुठ्ठ्याची मोठी फाइल, डोक्यावर करडी टोपी, बूट लख्ख. लष्करात त्यांची सगळी नोकरी नकाशे काढण्यात गेली होती. तोफखान्याच्या सरावासाठी डोंगरांच्या उंच-सखल रेषा कागदावर आणायच्या, हे त्यांचं काम. म्हणून घोंगडीवाला ज्या डोंगरावरून उडी मारायचा तो डोंगर खरा असायचा. वणीच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला चित्र दाखवलं तर तो बोट ठेवून सांगायचा, हा इथून पाहिला की अस्साच दिसतो.

पहिल्या दिवशी त्यांनी माझं लिखाण डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि म्हणाले, "अक्षर सुंदर आहे. पण फुग्यात सगळेच सारखं बोलतायत. हा ठेकेदार ओरडतोय. ही म्हातारी कुजबुजतेय. ते अक्षरातून कळायला नको?"

मला राग आला. घरी जाऊन वडिलांना सांगितलं. वडील म्हणाले, "बरोबर बोलले ते." मग मी शिकले. ओरडणारं अक्षर रुंद आणि ठसठशीत. घाबरलेल्याचं थोडं वाकडं. घोंगडीवाल्याचं मात्र कायम सरळ, एका मापाचं, कारण तो कधी आवाज चढवत नसे. महिन्या-दोन महिन्यांत काका मला 'अक्षरबाई' म्हणू लागले. गुरुवारी पानं दिली की ते चहा पिईपर्यंत माझ्यासमोर बसत आणि पुढची गोष्ट सांगत. पेठ-सुरगाण्याकडच्या माणसाच्या तोंडी शहरी भाषा आली की मीच टोकायची. "काका, तो 'नाही' म्हणणार नाही, 'नाय' म्हणेल." ते लगेच पेन्सिलने दुरुस्त करायचे. माझ्या वयाच्या मुलीचं ऐकून कागदावर खोडणारा मोठा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

ही दोन वर्षं चांगली गेली. निदान मला तशी वाटली. माझं लक्ष फुग्यांकडे होतं, छापखान्याच्या बोळाकडे नव्हतं. त्या बोळात गठ्ठे वाढत होते. द्वारका चौकातून ट्रकने मालेगाव, धुळे, जळगावकडे गेलेले अंक महिन्याने सुतळीसकट परत यायचे. काही गठ्ठ्यांची तर गाठही सुटलेली नसायची. बस स्टँडच्या स्टॉलवर दिल्लीहून येणारी रंगीत पुस्तकं पुढे लागायची, पान उलटलं की लाल, निळं, पिवळं. आमचा विटकरी नायक मागे, पंचांगांशेजारी. शिवाय एकेका घरात टीव्ही येऊ लागला होता. आमच्या कॉलनीतच एका घरात आला, तर रविवारी त्यांच्या दारात चपलांचा ढीग.

दिवाळी महिन्यावर आली होती. घोंगडीवाल्याची तीन भागांची मोठी गोष्ट चालू होती. सागाची चोरटी तोड करणारा ठेकेदार, त्याला सामील असलेला साहेब, आणि एक गाव जे जाळलं जाणार आहे. पहिला भाग निघाला होता. दुसऱ्याची पानं माझ्याकडून लिहून झाली होती, छपाईचे ठसे करायला जायची होती. त्याच्या शेवटच्या पानावर खाली एक चौकट होती, त्यात मी काकांच्या सांगण्यावरून मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'पुढील अंकात घोंगडीमागचा चेहरा!'

त्या मंगळवारी मालकांनी मला आपल्या खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं. ते कधी दार लोटत नसत.

"ताई, ते शेवटचं पान आणा जरा."

मी आणलं. ते बराच वेळ चौकटीकडे पाहत बसले. मग म्हणाले, "ही चौकट झाकायची. दुसरा कागद चिकटवा. त्यावर लिहा, हा या मालिकेचा अखेरचा अंक. वाचकांचे आभार. बस्स."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "पण गोष्ट अर्धी आहे शेठ."

"माहीत आहे मला."

"तिसरा भाग तरी काढू. एकच तर आहे."

"ताई, बोळात जाऊन पाहा. मी तिथून रोज आडवा होऊन आत येतो. हा दुसरा भागसुद्धा काढायला नको होता, पण स्टॉलवाल्यांना कबूल केलंय." त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं. "तिसरा नाही झेपणार."

"काकांना सांगितलंत?"

मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "त्यांच्याकडे कॅलेंडरची दोन चित्रं बाकी आहेत. द्राक्ष बागायतदारांचं मोठं काम आहे, दिवाळीच्या आत द्यायचंय. आत्ता सांगितलं तर त्यांचं मन लागेल का त्यात? चित्रं हातात आली की मीच सांगतो. तुम्ही तोवर बोलू नका."

हे खरं होतं, पण अर्धंच. त्यांच्याच्याने काकांच्या तोंडावर सांगवत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि मग, जणू दुसराच विषय असल्यासारखं, त्यांनी म्हटलं, "दिवाळीनंतर नवीन मशीन येतंय. तुम्हाला कायम करून घ्यायचा विचार आहे माझा."

मी तोवर पानामागे पैसे घेत होते. घरात धाकटा भाऊ कॉलेजात होता आणि वडिलांची निवृत्ती तोंडावर आली होती. मालकांनी मला आमिष दाखवलं असं म्हणणं सोपं आहे. पण त्यांनी दोन वाक्यं एकापुढे एक ठेवली, एवढंच. जोडली मी. मी 'बरं' म्हणाले, टेबलाशी आले, कागदाचा तुकडा कापला आणि त्यावर लिहिलं. घोंगडीवाल्याच्या अक्षरात लिहिलं, सरळ, एका मापाचं. ते नकळत झालं. मग चिकटवलं.

दोन दिवसांनी गुरुवार. काका आले ते जिन्यावरूनच हाक मारत.

"अक्षरबाई, सोळा पानं आणलीत! तिसऱ्या भागाची अर्धी मोहीम फत्ते."

मालक त्या दिवशी बाहेर गेले होते. मुद्दामच गेले असणार. काकांनी पानं माझ्या टेबलावर पसरली. मी दोन वर्षं त्यांचं काम पाहत होते, पण तसं काम पाहिलं नव्हतं. पहिल्याच पानावर डोंगरावरून दिसणारं गाव होतं. प्रत्येक घराला वेगळं छप्पर, एका अंगणात वाळत घातलेली नागली, एका दारात बसलेलं कुत्रं. एवढ्या बारीक रेषा, की मलाच मान खाली घालून पाहावं लागलं.

"काका, डॉक्टरांनी बारीक काम नको सांगितलंय ना तुम्हाला?"

"सांगितलंय. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन, मग उजव्याचं बघू म्हणतात. मी म्हटलं, तीन भाग पुरे करू द्या, मग हवं ते कापा. पुढे ढकललंय मी ते." ते हसले. मग खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाले, "मला एक सांगा. तुमचं मत खरं सांगता तुम्ही, म्हणून विचारतो. शेवटच्या पानावर त्याने फडकं काढावं का? जाहिरात तर करून बसलोय आपण. पण मन धजत नाही. चेहरा दाखवला की तो कोणीतरी एक होतो. नाही दाखवला तर वाचणारा म्हणेल, फसवलं."

सांगायची वेळ हीच होती. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. खाली छपाईचं यंत्र चालू होतं, कोणाला ऐकूही गेलं नसतं. काका, काढू नका पुढची पानं, बंद झालंय. एवढंच म्हणायचं होतं. मी शाईच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिले.

"काय वाटतं?"

"दाखवा," मी म्हटलं. "लोकांना आवडेल."

मला त्या प्रश्नातून सुटायचं होतं, दुसरं काही नाही. पण त्यांनी मान डोलावली, जशी 'नाय'च्या वेळी डोलावली होती तशीच. "ठीक आहे. मग चेहरा शोधायला हवा. सोपं नाही ते."

ती सोळा पानं मी लिहिली. मालकांना विचारलं तर म्हणाले, "लिहा, नाहीतर त्यांना संशय येईल." कधीच छापली न जाणारी पानं. मी ती घरी नेली, कारण छापखान्यात लिहवेना. संध्याकाळी ओट्यावर पाट मांडून बसले. वडील मागून आले, पान उचललं आणि खूप वेळ पाहत राहिले.

"हा माणूस मोठा आहे गं," ते म्हणाले. "हे पुस्तक मी शाळेत नेणार. कधी निघणार?"

"दिवाळीनंतर," मी म्हटलं. वडिलांशी मी खोटं बोलत नसे. त्या दिवशी बोलले, आणि तेही त्यांना आवडतं तशा सुंदर अक्षरांवर हात ठेवून.

पुढच्या गुरुवारी काका आले नाहीत. त्यांचा निरोप आला की काम रंगात आहे, व्यत्यय नको. त्याच्या पुढच्या गुरुवारी कॅलेंडरची दोन चित्रं त्यांनी शेजाऱ्याबरोबर पाठवून दिली. चित्रं हातात आली, आता मालक सांगतील असं मला वाटलं. मालक म्हणाले, "रविवारी त्यांच्या घरीच जाऊन येतो, असं पत्राने सांगणं बरं नाही." रविवारी त्यांच्या मेहुण्याचं काहीतरी निघालं. सोमवारी अंक बाजारात गेला.

काका मंगळवारी आले. मंगळवारी ते कधीच येत नसत. वर येताना हाक नाही. मी मान वर केली तर ते दारात उभे, हातात अंक, शेवटचं पान उघडं. बस स्टँडवर नेहमीसारखा स्टॉलवर घेतला होता. स्वतःचा अंक ते स्वतः विकत घ्यायचे, कोणीतरी घेतंय हे स्टॉलवाल्याला दिसावं म्हणून.

मालक उठून पुढे आले. "या, या. मी येणारच होतो तुमच्याकडे. बसा. अहो, काय सांगू, परिस्थितीच अशी..."

"परिस्थिती मला कळते," काका म्हणाले. "दोन वर्षं काढलंत, उपकार आहेत." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ते माझ्या टेबलाशी आले आणि अंक माझ्यासमोर ठेवला. चौकटीवर बोट ठेवलं.

"अक्षर छान आलंय," ते म्हणाले.

त्यांनी विचारलं नाही की हे कधी लिहिलंत. त्यांना विचारायची गरज नव्हती. ठसे करायला किती दिवस लागतात, छपाईला किती, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. मनातल्या मनात ते मागे मोजत गेले असणार, आणि त्या मोजणीत त्यांना तो गुरुवार सापडला असणार. त्यांनी फक्त सोळा पानं मागितली. मी कपाटातून काढून दिली. त्यांनी ती फाइलमध्ये नीट सारखी केली, टोपी घातली आणि गेले. मालक बोळापर्यंत त्यांच्यामागे गेले. त्यांचा आवाज मला वर ऐकू येत होता, काकांचा नाही.

दिवाळीनंतर नवीन मशीन आलं. मी कायम झाले. मला खरंच आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. घरी पेढे आणले. आईने ते विहारात ठेवले.

पत्रं मात्र येत राहिली. फार नव्हती, पण होती. दोन वर्षांत वाचकांची पत्रं आम्हाला बोटांवर मोजण्याइतकी आली होती, बंद झाल्यावर त्याहून जास्त आली. मालक ती माझ्याकडे द्यायचे आणि मी ठरावीक मजकुराचं कार्ड पाठवायची. त्यात एक पत्र सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेच्या बाईंचं होतं. त्यांनी लिहिलं होतं की शाळेत पुस्तकं नाहीत म्हणून त्या हा अंक दर शनिवारी मुलांना वाचून दाखवत. गोष्टीतलं गाव आपलंच आहे असं मुलं धरून चालली आहेत. गावाचं पुढे काय झालं, जळलं की वाचलं, एवढं तरी कळवा. छापायचं नसलं तर नका छापू.

ठरावीक मजकुराचं कार्ड मी त्या पत्राला पाठवू शकले नाही. पहिली सोळा पानं मला माहीत होती. गाव पेटवायला माणसं निघाली होती, तिथपर्यंत. पुढचं मलाही माहीत नव्हतं. ते पत्र मी पर्समध्ये ठेवलं आणि कितीतरी आठवडे तसंच फिरवलं. शेवटी उन्हाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी कॅम्पच्या बसमध्ये बसले.

काकांचं घर बाजाराच्या मागे होतं, एका बराकीसारख्या लांब चाळीत. काकूंनी दार उघडलं. मी नाव सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे तूच का ती अक्षरवाली? अगं, किती सांगायचे तुझं! आत ये, आत ये." त्यांना काहीच माहीत नव्हतं. मासिक बंद झालं एवढंच त्यांनी घरी सांगितलं होतं. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. मी त्या कौतुकासकट आत गेले आणि मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं.

काका खिडकीशी बसले होते. काळा चष्मा. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ते धड जमलं नव्हतं. उशीर झाला होता, असं काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या. आणखी आधी केलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. मी मनाशी तारखा लावू लागले आणि थांबले.

काकू स्वयंपाकघरात गेल्यावर मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"गाव वाचतं," ते म्हणाले. "तो एकटा नाही वाचवत. सगळे पाणी घेऊन येतात. त्याला फक्त पहिली घंटा वाजवायची असते. लिहा त्यांना तसं."

"आणि चेहरा?"

ते उठले. भिंतीला हात लावत कपाटापर्यंत गेले आणि फाइल काढली. शेवटचं पान त्यांनी हाताच्या अंदाजाने शोधलं. मी पाहिलं. विहिरीच्या काठावर एक माणूस तोंड धूत होता. घोंगडी बाजूला ठेवलेली. चाळिशीचा, थोडं टक्कल पडलेलं, गालावर काजळी, दमलेला. कुठल्याही एस.टी.त शेजारी बसेल असा. सगळ्या चित्रांत मिळून पाहिलेला सगळ्यांत चांगला चेहरा होता तो. आणि पानावरचे फुगे पांढरे, रिकामे.

"तुम्ही दाखवा म्हणालात," ते म्हणाले. "पाच वेळा खोडला. सहाव्या वेळी सापडला."

आता बोलले नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं. "काका, मला माहीत होतं. त्या गुरुवारी मला माहीत होतं."

"ते कळलं मला."

"शेठनी सांगू नका म्हटलं होतं. मला कायम करणार होते. मी..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. कसलीही कटुता नव्हती त्यांच्या चेहऱ्यावर. एखाद्या नकाशातली चूक दाखवावी तसं ते म्हणाले, "सांगायला हवं होतं, बाई. डोळे माझे होते."

एवढंच. 'अक्षरबाई' नाही म्हणाले. काकू चहा घेऊन आल्या आणि काकांनी विषय बदलला, माझ्या वडिलांची तब्येत विचारली. मी जाताना म्हटलं की राहिलेले फुगे मी लिहून देते, घरी बसून, फुकट. ते म्हणाले, "नको. पानं बाहेर गेली की मला चैन पडत नाही." मी म्हटलं, मी इथे येऊन लिहीन. ते म्हणाले, "बघू." त्या 'बघू'चा अर्थ मला कळला आणि मी पुन्हा विचारलं नाही. पुन्हा विचारायला हवं होतं, असं आता वाटतं. आणखी दोन-तीनदा विचारलं असतं तर कदाचित हो म्हणाले असते. माणसं पहिल्या नकारात क्वचितच सगळं बोलतात. पण मला तो नकार सोयीचा होता. पुन्हा पुन्हा त्या खोलीत, त्या चष्म्यासमोर बसायचं माझ्याच्याने झालं नसतं.

आश्रमशाळेच्या बाईंना मी चार पानी पत्र लिहिलं. गाव वाचलं, घंटा, पाणी, विहीर, चेहरा, सगळं. बाईंचं उत्तर आलं. मुलांनी शेवट पुन्हा पुन्हा वाचून घेतला, आणि एका मुलीने विचारलं की तो तोंड धूत असताना काय म्हणाला. ते मला सांगता आलं नाही. काकांना विचारावं म्हणून मी पत्र लिहिलं, त्याला उत्तर आलं नाही. ते पत्र त्यांना कोणी वाचून दाखवलं की नाही, तेही मला माहीत नाही.

दोन वर्षांनी कॅम्पातल्या ओळखीच्या एका बाईंकडून कळलं की काकांचा मुलगा दोघांना आपल्याकडे घेऊन गेला. मुलगा कुठे असतो हे त्या बाईंना ठाऊक नव्हतं. मी चाळीत जाऊन चौकशी करू शकले असते. सुट्टीचा एक दिवस आणि बसचं तिकीट, एवढाच प्रश्न होता. तोपर्यंत माझं लग्न ठरलं होतं, छापखान्यात काम वाढलं होतं, आणि मी स्वतःला सांगितलं की दिवाळी झाली की जाऊन येऊ. ती दिवाळी झाली, पुढचीही झाली.

पानांचं काय झालं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. मुलाच्या घरात लहान जागा असेल, सामान आवरताना कोणीतरी ती फाइल उघडली असेल. सोळा पानांवर माझं अक्षर, सोळा पानांचे फुगे रिकामे. पाहणाऱ्याला वाटलं असेल, काम अर्धं टाकून लिहिणारं कोणीतरी निघून गेलं.